हिराकाकीचा पाव्हणा

आधी माफी मागतो. एखाद्या माणसावर लिहायचं तर लिहिणाऱ्याला काहीतरी येत असलं पाहिजे, आणि मला अजून फारसं काही येत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडिलांना सही करता येते, आईला एसटीची पाटी वाचता येते. मुरबाडच्या कॉलेजात इतिहास घेऊन बी.ए. झालो आणि आता एम.ए.साठी पुण्यात आहे. इथे वर्गात मी बोलायला उभा राहतो तेव्हा अर्धं वाक्य घशातच राहतं. त्यात ज्या बाईवर लिहायला बसलोय तिने आमचं सगळं गाव लिहितं केलं आणि प्रत्येकाच्या लिहिण्याला नावं ठेवली. हे पान तिच्या हातात पडलं तर ती म्हणेल, "माफी कसली मागतोस रे? काय झालं ते सांग." तेव्हा सांगतो.

आमचं गाव शहापूर तालुक्यात, किन्हवलीहून मुरबाडला जाताना डावीकडे आत वळल्यावर. फाट्यावर हिराकाकीची गिरण आहे. अर्ध्या भागात पिठाची चक्की, अर्ध्या भागात भात भरडायचा हलर. हलर तिचे मिस्टर नामदेवकाका बघत. चक्की आणि माणसं काकी बघायची. नामदेवकाका इतकं कमी बोलत की मोटर बंद असली तरी ती चालू आहे असं समजून गप्प बसत. काकीचं उलटं होतं. सगळा जन्म मोटरीच्या आवाजावर आवाज चढवण्यात गेल्यामुळे तिला हळू बोलताच येत नसे. लग्नघरात, मयताला, दवाखान्यात, सगळीकडे तिचा आवाज गिरणीतला. त्यामुळे तिला कुणी गुपित सांगत नसे. "मला सांगू नका गो," ती स्वतःच म्हणायची, "मी मनात ठेवते, पण माझा गळा ठेवत नाय."

बुटकी, काटक, पदर डोक्याभोवती घट्ट गुंडाळलेला, भुवया आणि पापण्या पिठाने पांढऱ्या. संध्याकाळी तोंड धुऊन बसली की ती आम्हाला अनोळखी वाटायची. कुणी भेटलं की "बरं हाय ना?" असं ती कधी विचारत नसे. तिचा एकच प्रश्न होता, "काल काय केलंस?" लहानपणी मला वाटायचं, हिला संशयाची सवय आहे. नंतर कळलं की तिला खरंच ऐकायचं असायचं. तुम्ही काल बाजारात गेला असाल तर काय घेतलं, कुणाबरोबर गेलात, परत येताना काय खाल्लं, भजी गरम होती का, इतकं सांगितल्याशिवाय डबा हातात मिळत नसे.

वहीचा सगळा प्रकार सुरू झाला तो काकीच्या लग्नावरून. तिच्या नातीला, म्हणजे पुतण्याच्या मुलीला, शाळेत सांगितलं होतं की पूर्वीच्या लग्नात जेवायला काय असायचं ते आजी-आजोबांना विचारून या. नात गिरणीत आली. काकी म्हणाली, "आमच्या लग्नात वालाची आमटी, भात आणि गोडाला लापशी." नामदेवकाका हलरमागून म्हणाले, "बुंदी होती." हे त्यांचं त्या आठवड्यातलं पहिलं वाक्य असावं. काकी उसळली, "बुंदी? कुणाच्या लग्नात? माझ्या का दुसऱ्या कोणाच्या?" भात घेऊन बसलेले भाऊतात्या म्हणाले, "मी वाढायला होतो. बुंदीही नव्हती, लापशीही नव्हती. गूळभात होता." तेवढ्यात दळणाला आलेल्या धोंडीबाईंनी सांगितलं की गोड काही नव्हतंच, कारण गुळाची ढेप आणणारी बैलगाडी नदीत अडकली होती. बैलगाडी अडकली हे सगळ्यांना पटलं, पण ती कुणाच्या लग्नात अडकली यावर दोन दिवस वाद चालला. नातीने शेवटी वहीत "बुंदी" लिहिलं, कारण ते लिहायला सोपं होतं.

काकीला ते लागलं. मला म्हणाली, "बघ ना रे. लग्न माझं, जेवलेली माणसं जिती, वाढणारा समोर बसलेला, आणि गोडाला काय होतं ते ठरेना. मी पदराखाली होते, मला तर ताट दिसलंच नाय. मंग आमी मेल्यावर कोणाला काय सांगता येणार?"

मी तेव्हा एफ.वाय.ला होतो. नुकतंच शिकलो होतो म्हणून जरा ऐटीत म्हणालो की पुढच्या काळात अभ्यासक येतात, ते जुनी कागदपत्रं वाचून माणसं कशी जगत होती ते शोधतात. काकीने हातातलं सूप खाली ठेवलं.

"कधी येतात?"

"असं ठरलेलं नसतं काकी. पन्नास वर्षांनी, शंभर वर्षांनी."

"आणि आपल्याकडं आला तर त्याला काय दाखवायचं? ही मोटर?"

त्याच आठवड्यात गिरणीच्या मधल्या खांबाला सुतळीने बांधलेली एक दोनशे पानी वही लटकू लागली, आणि तिच्याबरोबर दुसऱ्या सुतळीला पेन्सिल. पेन चालत नसे. पिठाने त्याचं टोक बुजायचं. नियम असा की दळण किंवा भात टाकला की आपला नंबर येईपर्यंत कालचा दिवस लिहायचा. ज्याला लिहिता येत नाही त्याने सांगायचं, शेजारी बसलेल्याने लिहायचं आणि खाली दोघांची नावं टाकायची. येणाऱ्या अभ्यासकाला काकीने एक दिवसही अभ्यासक म्हटलं नाही. तो तिचा पाव्हणा झाला. "शंभर वर्षांनी पाव्हणा यायचाय. दार उघडायला आपण नसणार. निदान बसायला पाट तर टाकून ठेवू."

लोक हसले. पण दळण तर आणायचंच होतं, आणि किन्हवलीपर्यंत डबा कोण वाहणार? लिहू लागले.

पहिला घोटाळा भाऊतात्यांच्या पानावर झाला. तात्या सातवी पास, अक्षर मोत्यासारखं. त्यांनी लिहिलं: "सकाळी उठलो. रोजच्याप्रमाणे सर्व झाले. रात्री झोपलो." खाली लफ्फेदार सही. काकीने ते मोठ्याने वाचलं आणि तात्यांचं भाताचं पोतं हलरपासून बाजूला सरकवलं.

"काय झालं?" तात्या म्हणाले.

"सर्व म्हंजे काय झालं?"

"रोजचं."

"रोजचं म्हंजे काय?"

"अगो रोजचं म्हंजे रोजचं! तुला काय माहीत नाय?"

"मला माहीत हाय. पाव्हण्याला हाय का? त्याच्या रोजात काय असंल देव जाणे. त्याला वाटंल भाऊतात्या रोज हत्तीवर बसायचे."

तात्या चिडले. पोतं उचलून निघालेही. पण पोतं जड आणि ऊन कडक. परत येऊन खांबाला टेकून बसले आणि पेन्सिल घेतली. उठल्यावर मशेरी लावली. मशेरी भाजताना सून ओरडली, कारण धूर तिच्या पोळीवर गेला. ओट्यावर बसून चहा, चहात कालची चपाती. वावरावर गेलो, बांधाला खेकड्यांची बिळं पडलीत ती चिखलाने लिंपली. एक खेकडा हाताला लागला, तो नातवासाठी आणला, नातू घाबरून माळ्यावर चढला. तात्या लिहीत गेले. तीन माणसं त्यांच्या पुढे नंबर लावून गेली तरी त्यांना पत्ता नाही. शेवटी काकीच म्हणाली, "तात्या, भात भरडून झाला, उठा." तात्या म्हणाले, "थांब गो, अजून दुपार यायचीय."

तेव्हापासून "रोजच्याप्रमाणे" हा शब्द गिरणीत बंद झाला. कुणी लिहिलाच तर काकी त्याचं दळण जाडं काढायची.

वही रंगात आली ती लाईट गेल्यावर. आमच्याकडे लाईट पुष्कळ वेळा जाते. मोटर थांबली की गिरणीत एकदम शांतता पसरायची, दहा-बारा माणसं उंबऱ्यावर, पोत्यांवर बसलेली, आणि मधे वही. एक सांगायचा, दुसरा लिहायचा, तिसरा चुका काढायचा. "तू काल उसळ खाल्लीस? तुझ्या घरातून सुकटीचा वास येत होता." "वास शेजारच्यांचा!" हेसुद्धा वहीत जायचं. लाईट लवकर आली तर काकीचं तोंड पडायचं. मी ते स्वतः पाहिलं आहे. गिरणवाली बाई आणि लाईट आली म्हणून नाराज.

दोन महिन्यांनी तिने सगळी पानं एकदा सलग वाचून घेतली. मी वाचत होतो, ती ऐकत होती. मधेच म्हणाली, "थांब. हे गाव कुठलं रे?"

"आपलंच."

"आपल्या गावात दोन महिन्यांत एक भांडण नाय? दर आयतवारी सगळ्यांच्या घरी कोंबडी? सुना सासूचे पाय दाबतायत? पाव्हणा हे वाचून म्हणंल, इथं देव राहत होते, माणसं कुठं गेली?"

झालं असं होतं की पाहुणा येणार म्हटल्यावर लोकांनी घर झाडावं तसा आपापला दिवस झाडून घेतला होता. आमच्याकडे पाहुण्यासमोर भांडत नाहीत, आणि पाहुण्याच्या ताटात शिळं वाढत नाहीत. मग वहीत तरी कसं वाढणार? माझ्या आईनेही भाकरी-चटणी खाऊन "श्रीखंड" लिहवलं होतं. आईला विचारलं तर म्हणाली, "परका माणूस वाचणार. त्याला काय वाटंल?"

काकीने दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं की पाव्हणा घरचा आहे, त्याला शिळं चालतं. आणि भांडण लिहिल्याशिवाय दळण नाही. आता भांडण कोण लिहिणार? अखेर मंजुळावहिनी आणि लीलाआक्का अडकल्या. दोघींची घरं पाठीला पाठ लावून. आठवडाभर आधी सांडपाण्याच्या पन्हळीवरून दोघींचं असं जुंपलं होतं की पार फाट्यापर्यंत ऐकू आलं होतं. पण आता समेट झालेला, दोघी एकाच टोपलीत दळण घेऊन आलेल्या. मंजुळावहिनी म्हणाली, "आमचं मिटलं काकी. मिटलेलं कशाला उकरायचं?"

"मिटलं तेही लिहा. पण आधी काय होतं ते कळल्याशिवाय मिटलं काय ते कसं कळंल?"

दोघींनी दोन पानं घेतली. एकीने आपली बाजू सांगायची, दुसरीने आपली. मी मंजुळावहिनीचं लिहीत होतो, कॉलेजातली एक मुलगी लीलाआक्काचं. पाच मिनिटांत लीलाआक्का ओरडली, "काय लिहवतेस तू? मी तुला रांड म्हटलं? मी भवानी म्हटलं होतं!" मंजुळावहिनी म्हणाली, "भवानी तर तू मागच्या वर्षी म्हटलं होतंस. या वेळी रांडच म्हटलंस." साक्षीला बायका उभ्या राहिल्या. अर्ध्या भवानीच्या बाजूच्या, अर्ध्या दुसऱ्या. भांडण नव्याने पेटतंय असं वाटत असतानाच कोपऱ्यातून नामदेवकाका म्हणाले, "दोन्ही म्हणाली. आधी भवानी, मंग दुसरं." एवढं बोलून ते पट्ट्याला तेल घालायला वळले. काका ऐकत होते हीच मोठी बातमी होती. लीलाआक्का आधी हसली, मग वहिनी. दोन्ही शब्द वहीत गेले, क्रमवार.

एक घर मात्र राहिलं होतं. सगळी वही एकीकडे आणि ते घर एकीकडे, असं काकीच्या बोलण्यावरून वाटायचं.

गावाच्या वरच्या अंगाला, डोंगर चढायला लागतो तिथे बुधाजीदादांचं घर. साठीच्या पुढचे, सडपातळ, पायात कधी चप्पल नाही. ते गिरणीत येत, भात टाकत, उंबऱ्याबाहेर उकिडवे बसत. वही त्यांच्याकडे सरकवली की ते मान वळवत. काकीची इच्छा साधी होती. गावातले सगळे उंबरे वहीत यावेत, एकही सुटू नये. एक जरी सुटला तर पाव्हण्याला दिलेलं गाव अपुरं, असं तिचं म्हणणं. म्हणून एका सकाळी ती स्वतः वर गेली. मी बरोबर होतो, कारण तिला तेव्हाच गुडघ्याचा त्रास सुरू झाला होता आणि चढाला हात द्यायला कुणीतरी लागायचं.

बुधाजीदादांनी घोंगडी अंथरली, चहा दिला. चहा संपू दिला. मग म्हणाले, "हिरा, तू चांगली हायेस, पण मी नाव देणार नाय."

"का रे दादा?"

त्यांनी घरामागच्या उताराकडे बोट दाखवलं. "तिथं आमची नाचणी व्हायची. आज्यापासून. मी लहान असताना एक माणूस आला. गोड बोलणारा. आमच्याकडं चहा प्यायला, इथंच बसला. कोण कुठं पेरतो ते विचारलं आणि वहीत बापाचं नाव लिहिलं. बाप खूश. म्हणाला, आपलं नाव लागलं. दुसऱ्या साली जंगलखात्याचं तारेचं कुंपण आलं. बाप विचारायला गेला तर त्याच वहीतलं नाव दाखवून सांगितलं, तूच बेकायदा पेरत होतास, हे बघ, तुझ्याच तोंडचं हाय." उताराकडे बघत ते म्हणाले, "तोंडातलं परत घेता येतं. वहीतलं नाय."

मला वाटलं काकी आता समजावेल. ही वही सरकारची नाही, ही आपली आहे, वगैरे. माझ्या तर जिभेवर सगळं तयार होतं. काकी उठली, कप स्वतः विसळून पालथा घातला आणि म्हणाली, "मंग नाय लिहायचं. तुझं नाव, घर, विहीर, बैल, काय म्हंजे काय वहीत येणार नाय. माझा शब्द."

उतरताना ती एक अक्षर बोलली नाही. तिला गप्प बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

शब्द दिला तो तिने असा पाळला की गावाची पंचाईत झाली. कारण उन्हाळ्यात पाणी असतं ते फक्त बुधाजीदादांच्या विहिरीला. सगळं गाव तिथूनच पाणी भरतं. आणि त्यांचा बैल एक नंबरचा चोर, कुणाच्याही वावरात घुसणारा. त्यांच्या घरचं करवंदाचं लोणचं घरोघरी जातं. आता हे सगळं लिहायचं कसं? एप्रिल-मेची पानं अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत. "सकाळी पाणी आणले. कुठून ते विचारू नये." "आमच्या काकडीत एक बैल आला. कोणाचा ते सर्वांना माहीत आहे, पण सांगता येत नाही." "दुपारी लोणचे आले." कुठून आलं, कुणी आणलं, काही नाही. नुसतं लोणचे आले.

लोक वाचून लोळायचे. काकीही हसायची. "पाव्हणा म्हणंल, गावात भुताटकी होती. पाणी आपोआप घरात, बैल हवेतून वावरात." पण बुधाजीदादा रस्त्याने येताना दिसले की तिचं हसू थांबायचं. खांबावरची वही सोडून ती पिठाच्या सुपाखाली सारायची आणि पेन्सिल लिहिणाऱ्याच्या हातातून काढून घ्यायची. लिहिणारा वाक्याच्या मधोमध असला तरी. दादा बसून, भात घेऊन, पार वळणाआड जाईपर्यंत वही बाहेर येत नसे. त्या वेळात ती त्यांना तिचा नेहमीचा प्रश्नही विचारत नसे. सगळ्या गावात "काल काय केलंस?" हे न विचारलं गेलेला एकच माणूस, आणि तोच तिला सगळ्यात जास्त हवा होता. एकदा मी म्हणालो, "काकी, दोन वर्षं झाली. आता विचारून बघू का?" ती म्हणाली, "एकदा नाय म्हटलं ना त्यानं? मंग तो बोलंल तेव्हा बोलंल. त्याच्या घरात परत वही न्यायची नाय."

वह्या भरत गेल्या. तेलाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात, कडुनिंबाचा पाला घालून, काकी त्या ठेवायची. प्रत्येक पानात थोडं पीठ असायचंच. उघडली की झटकावी लागे. एका पावसाळ्यानंतर नामदेवकाका गेले. ते जसे जगले तसे गेले, कुणाला त्रास न देता, दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. तेराव्यानंतर काकीने स्वतः पान लिहवलं. सगळा दिवस सांगितला. त्या दिवशी जेवताना काका काय म्हणाले हे सांगताना थांबली आणि म्हणाली, "लिही, मीठ बरोबर झालंय म्हणाले. एवढं बोलायची काय गरज होती त्यांना? मला तेव्हाच कळायला पायजे होतं." आणि रडता रडता हसली.

पुढे गुडघे अगदीच बसले. मुलगा बदलापूरला नोकरीला, त्याने फ्लॅट घेतलेला. तो न्यायला आला. गिरण पुतण्याकडे दिली. वह्यांचे डबे कुठे ठेवायचे यावर गावात बोलणं झालं तेव्हा काकी म्हणाली, "गिरणीच्या वह्या गिरणीतच. मी नेल्या तर तो बिचारा पाव्हणा माझ्यामागं बदलापूरला येईल, आणि तिथं पार्किंग नाय म्हणतात." स्वतःसाठी तिने एक कोरी वही घेतली.

ती निघाली तेव्हा मी तिला शेवटचं पाहिलं. टेम्पोत पुढच्या सीटवर, मांडीवर तुळशीची कुंडी. सगळं गाव फाट्यावर. तिचं चालूच होतं, पट्टा सैल ठेवू नको, लीलाआक्काचं पीठ बारीक लागतं, भाऊतात्यांना उंबऱ्यावर बसू देऊ नका, त्यांना वारा बाधतो. टेम्पो सुरू झाल्यावर तिने मान वळवून वरच्या अंगाला पाहिलं. बुधाजीदादा आपल्या बांधावर उभे होते. खाली आले नाहीत. तिने हात वर केला. त्यांनीही केला की डोळ्यांवर ऊन आलं म्हणून हात धरला, ते इतक्या लांबून मला सांगता येत नाही. टेम्पोच्या खिडकीतून तो पांढरा पदर वळणापर्यंत दिसला.

नंतर मी पुण्याला आलो. मधून मधून तिचा फोन यायचा. तो कानापासून लांब धरून ऐकावा लागे, होस्टेलच्या खोलीतले तिघेही ऐकत. "इथं सगळी दारं लावून जेवतात रे. कोणी काय खाल्लं ते कळायचं कसं? मी जिन्यात बसते आणि वासावरून लिहिते. दुसऱ्या मजल्यावर आज बोंबील. तिसऱ्यावर काहीतरी जळलं, पण कबूल करत नायत." आणि प्रत्येक फोनच्या शेवटी गावाची चौकशी. बुधाजीदादांचं नाव ती घेत नसे. "बाकी सगळे?" एवढंच विचारायची. त्या "सगळे"मध्ये कोण आहे ते मला कळायचं, आणि सांगण्यासारखं माझ्याकडे काही नसायचं.

हा लेख मी इथवर लिहून ठेवला होता. शेवट सुचत नव्हता, आणि बुधाजीदादांचं नाव आलेली पानं कुणाला दाखवायचीही नव्हती. परवा बुधाजीदादांच्या नातीचा, सोनीचा फोन आला. ती किन्हवलीला अकरावीत आहे. हसत हसतच बोलत होती.

"दादा, आमचा आजा बदलापूरला जाऊन आला."

"कशाला?"

"कशाला काय, हिराकाकीकडं! सकाळी उठला, नवा तांदूळ पिशवीत भरला आणि मला म्हणाला, चल. एसटीत एक शब्द नाय. गाडीत एक शब्द नाय. बिल्डिंगला गेलो तर वॉचमन म्हणतो, बाबा, रजिस्टरमधी नाव लिहा. आजा म्हणतो, नाय देणार. वॉचमन म्हणतो, नाव नाय तर आत नाय. आजा म्हणतो, मंग नाय येत आत. तिला जाऊन सांग, बुधाजी खाली उभा हाय. वॉचमन म्हणतो, म्हंजे नाव बुधाजी ना, लिहितो. तर आज्यानं त्याचं पेनच धरलं!"

"मग?"

"मंग काय, मी वर गेले. काकीनं ऐकलं मात्र, तशीच निघाली. लिफ्टमधी बसत नाय ती. तीन मजले कठडा धरून धरून उतरली. मागून सून ओरडतेय, आई, पाय, आई, पाय. खाली येऊन वॉचमनच्या खुर्चीत बसली. आजा समोर उकिडवा. काकीनं विचारलंच नाय काय ते. शेवटी आजाच बोलला. म्हणाला, हिरा, लिहून नेणारे लय आले माझ्याकडं. न लिहिता परत गेलेली तू एकटीच. जा, तुझी वही आण."

"मग काकी काय म्हणाली?"

"काय नाय म्हणाली. मला हातानंच वर जायची खूण केली. मी वही आणली. आजा म्हणाला, पयलं नाव लिही. पूर्ण. बुधाजी लहानू वारघडे. लहानू मोठ्या अक्षरात काढ. काकीनं लिहिलं. आज्याला वाचता येत नाय, तरी त्यानं वही घेऊन बघितली, मला विचारलं, यात लहानू कुठला? मी दाखवला. त्यावर बोट ठेवून बसला जरा वेळ. मंग वही परत दिली आणि पहाटे कोंबडा आरवला तिथनं सुरू केलं. काकी मधी मधी विचारतेय, चहात दूध होतं का, बिडी कितव्यांदा पेटली. वॉचमनपण खाली बसून ऐकायला लागला, गेटवर गाड्या हॉर्न वाजवतायत. आजा जेवणापर्यंत पोचला तेव्हा आमची परतीची गाडी निघून गेली होती."